कोरडा दात

दवाखान्याचा जिना चढता चढता धाकटा मागे वळून म्हणाला, "ताई, आज आमच्या दाताचा रंग तेवढा नीट बघ हं," आणि ताईचा पाय पायरी सोडून भलतीकडेच पडला. कठडा हाताशी होता म्हणून ती सावरली. धाकट्याला ते दिसलंही नाही. तो बोलून पुढे गेला होता, आणि त्याच्याही पुढे त्याची बायको नमुन्यांची पेटी छातीशी धरून, झोपलेलं मूल वर नेत असल्यासारखी जपून चढत होती. झालं काहीच नव्हतं. 'आमच्या' म्हणाला, एवढंच. पण आपल्या भाषेत ही एक फार वाईट सोय करून ठेवलेली आहे. 'आपल्या' म्हटलं की ऐकणारा घरात, 'आमच्या' म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर. दुसऱ्या भाषांत म्हणे एकाच शब्दात सगळी मंडळी कोंबून बसवता येतात, आत कोण आणि बाहेर कोण याचा पत्ता लागत नाही. इथे लागतो. लहान पोराला धड वाक्य जोडता येत नसतं तेव्हाही या दोन शब्दांत त्याची चूक होत नाही. मग चाळिशी उलटलेल्या, स्वतःची लॅब चालवणाऱ्या माणसाची कशी होईल? आणि ते 'तेवढा'. आणि ते 'हं'. घर बांधून झाल्यावर गवंडी रंगाऱ्याला सांगतो ना, कोपरे तेवढे नीट मार हं, त्यातलं ते 'हं'.

वर येऊन ताई बाकावर बसली. आतून कुणाच्या तरी दाढेवर चाललेल्या यंत्राचा बारीक किरकिराट येत होता. तो आवाज ऐकला की बहुतेकांच्या अंगावर काटा येतो. ताईला मात्र त्याने बरं वाटायचं, कारण कुठेतरी दात दुरुस्त होतोय म्हणजे आपल्या टेबलावर काम येतंय. आज तो आवाजही परका वाटला. आजवर धाकट्याचं सगळं 'आपलं' असायचं. आपली लॅब, आपली भट्टी, आपलं मशीन रुसलंय. "ताई, आपला घसा बसलाय गं," असंसुद्धा एकदा म्हणाला होता, आणि तिने त्या आपल्या घशासाठी पाणी गरम करून दिलं होतं. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की आईची आठवण म्हणून तो ज्या गोष्टी सांगायचा त्या खरं तर ताईच्या होत्या. केस विंचरणारा हात, परीक्षेच्या दिवशी दारात उभी राहिलेली साडी, ते सगळं ताईचं. तिने कधी दुरुस्ती केली नाही. त्याचे दुधाचे दात तिने पाडले. दोरा बांधून वगैरे नाही, तसला अघोरीपणा तिला जमायचा नाही. "बघू, कुठला हलतोय तुझा?" म्हणायचं, शाळेतल्या मारामारीचं काहीतरी विचारायचं, आणि तो हातवारे करून सांगण्यात रंगला की दात बोटांत. रडायचं की मारामारी पूर्ण सांगायची हे त्याला ठरवता यायचं नाही आणि तोंडातून रक्त येत असताना तो गोष्ट पुरी करायचा. पुढे ताई कवळ्या करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हाताखाली मेणाचे दात कोरायला शिकली, मग चिनीमातीचे, मग ब्रशने दाताला रंग चढवायला. धाकट्याने मशीन आणि कॉम्प्युटर उचलला. दोन खोल्यांची लॅब झाली. पुढच्या खोलीत खिडकीशी ताईचं टेबल, मागच्या खोलीत त्याचं मशीन आणि भट्टी. ती लग्नाशिवाय राहिली. धाकट्यासाठी राहिली, असं नातेवाईक म्हणत. ते पूर्ण खरं नव्हतं, पण इतकं चांगलं दिसणारं कारण कुणी फुकट देत असेल तर नाकारायचं कशाला, म्हणून तिने ते ठेवून घेतलं.

आणि मग ही आली. भुकटी मागायला आली आणि भाऊ घेऊन गेली, असं ताई मनातल्या मनात म्हणायची, आणि दर वेळी हा विनोद तिला स्वतःलाच कडू लागायचा. ही एका संस्थेत संशोधन करत होती. एका सकाळी लॅबच्या दारात प्लॅस्टिकचा डबा घेऊन उभी. "तुमच्या मशीनमधली पांढरी धूळ तुम्ही टाकून देता ना? मला द्याल?" धाकटा हसला होता. झिरकोनियाची, म्हणजे दात करायच्या कठीण पांढऱ्या मातीची, गोल चकती मशीनमध्ये लावायची, मशीन त्यातून दात कोरून काढतं, आणि चकतीचा बराचसा भाग धूळ होऊन व्हॅक्यूमच्या पिशवीत जातो किंवा चाळणीसारखा सांगाडा होऊन कचऱ्यात. हे सगळ्याच लॅबमध्ये चालतं. त्यात विचारायचं काय? ती मात्र उभ्या उभ्या सांगत सुटली. कुठल्यातरी समुद्रकाठची वाळू उपसायची, ती जगभर फिरवायची, प्रचंड आच देऊन तिची चकती करायची, आणि मग तिचा मोठा वाटा झाडून फेकायचा. तीच धूळ धुतली, चाळली, दाबली आणि नीट भाजली तर पुन्हा चकती का होऊ नये? तीही कमी आचेवर? बोलताना तिच्या भुवईवर भुकटी लागली होती. धाकटा त्या भुवईकडे बघत होता. ताईने ते पाहिलं आणि तिला त्याच क्षणी सगळं पुढचं कळलं. सांगायला गेलं तर हास्यास्पद वाटेल इतक्या लवकर कळलं. "अगं बाई," ती म्हणाली होती, "दात कोरून पोट भरत नाही." सगळे हसले. सगळ्यात जास्त ती हसली. "हे मी आमच्या सरांना सांगणार," म्हणाली. टोचायला म्हणून काढलेली म्हण तिने भेट मिळाल्यासारखी खिशात घातली. अशा माणसाशी भांडावं तरी कसं? पोटात दुखतं, पण दुखतंय कुठे ते दाखवता येत नाही.

लग्न झालं. भावजय संस्था सोडून लॅबमध्ये आली. शेजारची तिसरी खोली घेऊन मधली भिंत पाडली गेली, तिथे चाळण्या, पिंपं, दाबयंत्र, दुसरी भट्टी. ताईचं टेबल जिथल्या तिथेच राहिलं. कुणी तिला हलवलं नाही, कुणी उलट बोललं नाही, भावजय चहा आणताना पहिला कप तिच्यापुढे ठेवायची आणि लाडात आली की "काय म्हणतात आमच्या वन्सं?" असं जुन्या नाटकातल्यासारखं विचारायची. ताई हसायची. दाखवायचे दात वेगळे असतात हे दात करणाऱ्या बाईला कुणी शिकवायला नको. पण मागच्या खोलीतून हल्ली दोघांच्या बोलण्याचा जो आवाज येई, त्यात अर्धवट सोडलेली वाक्यं फार असायची. "तो कालचा जो—" "हो, पण त्याची कड—" "तेच ना." एवढ्यात त्यांचं सगळं बोलणं उरकायचं. अशी अर्धी वाक्यं पूर्वी तिची आणि धाकट्याची असत. माणसं एकमेकांपासून दूर कशी जातात याचा ताईने बराच विचार केला होता, आणि तिला वाटे, आधी वाक्यं पूर्ण व्हायला लागतात. धाकटा आता तिच्याशी नीट, पूर्ण, कर्ता-कर्म-क्रियापदासकट बोलायचा.

"या, या, भुकटीवाले!" दंतवैद्य दार उघडून म्हणाले. शहरात त्यांचे बरेच दवाखाने होते आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचा शब्द चाले. मनाने वाईट नव्हते, पण एकदा एखाद्या गोष्टीवर फुली मारली की मारली. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "दाढ कुणीही बसवेल हो, ती कोण बघतंय? मला तुमच्या भुकटीचा पुढचा दात करून दाखवा. एकच दात, शेजारच्या खऱ्या दाताला लागून. ओळखू आला नाही तर माझ्या सगळ्या दवाखान्यांत तुमच्याच चकत्या. ओळखू आला तर हा विषय माझ्याकडे परत काढायचा नाही." खुर्चीत पोहायला शिकवणारी एक तरुण बाई बसली होती. तलावाच्या काठावर तोंड आपटून तिचा पुढचा दात अर्धा गेला होता आणि त्यावर तात्पुरती टोपी होती. हसताना तोंडावर हात न्यायची तिला सवय लागली होती. "माझी पोरं मला आता घाबरतच नाहीत," ती म्हणाली, "शिट्टी वाजवली की नुसती हवा जाते." सगळे हसले. ताईलाही ती आवडली. रंग घ्यायचा म्हणजे शेड गाईडमधले नमुन्याचे दात एकेक करून खऱ्या दाताशेजारी धरायचे आणि कुठला त्याच्यात विरघळतो ते बघायचं. हे काम ताईचं. आणि ते सगळ्यात आधी करायचं, दात ओले असताना. दात हा पाण्यात राहणारा प्राणी आहे. तोंड उघडं राहिलं, वारा लागला की तो सुकतो आणि सुकला की आहे त्याहून पांढरा दिसतो. तोंड मिटून बराच वेळ गेला, लाळ फिरली की मग पुन्हा मूळ रंगावर येतो. "कोरडा दात खोटं बोलतो," हे वाक्य ताईच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाने ऐकलं होतं, धाकट्याने सगळ्यांत आधी.

पण आज भावजयीला फोटो हवे होते. या उजेडात, त्या उजेडात, वरून, बाजूने. "ताई, तुम्ही बसा, तुमचं शेवटी," ती म्हणाली. पोहणाऱ्या बाईच्या ओठांत ते प्लॅस्टिकचं चौकटीसारखं काहीतरी अडकवलं, तोंड घोड्यासारखं उघडं राहिलं, आणि धाकटा कॅमेरा घेऊन वाकला. भावजय दिवा धरून उभी. "जरा डावीकडे." "असा?" "नाही, तो तसला, आपण परवा—" "हां, कळलं." तिच्या कोपराला त्याचा खांदा लागत होता आणि दोघांनाही ते जाणवत नव्हतं. ताईला जाणवत होतं. खोलीत चार माणसं काम करत होती आणि तिच्या वाट्याला एक स्टूल आलं होतं. आमचा दात. मग तुमचाच असू दे. तिच्या छातीत काहीतरी तापत तापत वर आलं, लहानपणी दुसऱ्याची बाहुली बघून यायचं अगदी तेच, त्यात वयाने काडीचा फरक पडला नव्हता. या वयात याची लाज वाटायला हवी हेही तिला कळत होतं, आणि कळून काही उपयोग होत नव्हता. शेवटी धाकटा बाजूला झाला. "ये ताई." ती उठली, वाकली, आणि बघताक्षणी तिला दिसलं की दात सुकलेत. कडांवर खडूसारखे पांढरे ठिपके उमटले होते. नवशिक्यालाही दिसले असते. तोंड मिटू द्या, पाणी द्या, सगळे जरा थांबू या, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलं. तेवढ्यात मागून भावजय हळूच हसली, कॅमेऱ्यातलं काहीतरी धाकट्याला दाखवत, आणि धाकटाही हसला. ताईने पट्टीतला एक उजळ नमुना उचलला, बाईच्या दाताशेजारी धरला. बेमालूम बसला. "हा," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता. कोरड्या दाताने सांगितलं ते तिने पुढे सांगितलं. ती कुठे खोटं बोलली?

त्यानंतरचे दिवस ती फार चांगली वागली. हे तिचं तिलाच विचित्र वाटलं. भावजयीशी गोड बोलली, धाकट्याच्या शर्टाचं बटण लावून दिलं. ताईने सांगितलेल्या रंगाची चकती भावजयीने निवडली, मशीनने दात कोरला, भट्टीत तो आकसून बरोब्बर मापाचा झाला आणि ताईच्या टेबलावर आला. तिने चिमट्यात धरून खिडकीकडे उंच केला. तिथे तिचा खरा जळफळाट झाला. कारण दात सुंदर होता. आतापर्यंत भुकटीच्या चकत्या तिने पाहिल्या होत्या, त्या भिंतीला चुना लावल्यासारख्या मुक्या असत. उजेड त्यांच्यावर आपटून परत यायचा. "यात जीव नाही," असं ती सांगायची आणि भावजय मान खाली घालून परत चाळायला बसायची. या दातात उजेड शिरत होता. टोकाशी किंचित निळसर होऊन, मुळाकडे ऊबदार होत, खऱ्या दातात जातो तसा आत जाऊन थांबत होता. रंग उजळ होता, चुकीचाच होता, पण तो रंग ताईने सांगितलेला. माती चुकली नव्हती. आयुष्यभर ती ब्रशने जो जीव वरून चढवत आली तो हिने कचऱ्यातून काढून आतूनच भरला होता. मग माझं काय उरलं, असं ताईच्या मनात आलं, आणि ते आल्यावर तिला दुखण्याची जागा एकदाची सापडली. भावाचं तर होतंच. पण हेही होतं. ती त्या दिवशी मन लावून बसली. एकेक बारीक रेघ, कडेची पुसटशी छटा, सगळं तिने अशा निगुतीने केलं की असं काम तिच्याही हातून क्वचितच झालं होतं. चुकीच्या रंगाचा तो एक निर्दोष दात होता. मुळाकडे थोडा गडद हात फिरवला असता तर निम्मी चूक झाकली गेली असती, हे तिला माहीत होतं. ब्रश त्या रंगात बुडलाही होता. मग तिने तो धुऊन टाकला.

दात बसवायच्या दिवशी पोहणारी बाई नवीन ओढणी घेऊन आली होती. दात आत सरकला आणि अजिबात न अडकता जागेवर गेला. "फिटिंगला तोड नाही," दंतवैद्य म्हणाले. मग त्यांनी दिवा बाजूला केला आणि तिला खिडकीकडे तोंड करायला लावलं. सांगायची गरजच नव्हती. काळोख्या बोळात एका घराचा दिवा लागावा तसा तो एक दात वेगळा दिसत होता. बाईने आरसा घेतला, बघितलं, आणि तिचा हात सवयीने तोंडाकडे गेला. तो हात ताईने पाहिला. तिच्या हिशेबात भाऊ होता, भावजय होती, दंतवैद्य होते. ही बाई कुठे धरलीच नव्हती. "पांढराफटक," दंतवैद्य म्हणाले. "मला वाटलंच होतं. भुकटीचं ते शेवटी भुकटीच. काय ताई, तुमचं काय म्हणणं?" सगळे तिच्याकडे बघायला लागले. "दिसला तो रंग मी दिला," ताई म्हणाली. "मग तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले, "ताईंचा डोळा चुकायचा नाही. चूक मालात आहे." भावजयीने मान हलवली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज स्थिर होता. "बरोबर आहे, डॉक्टर. आत छिद्रं राहिली असणार. छिद्रं राहिली की असंच खडूसारखं दिसतं. मी परत बघते." "परत नाही," दंतवैद्य हातमोजे काढत म्हणाले, "आपलं ठरलं होतं. यांना मी नेहमीच्या चकतीचा करून देतो."

भावजय टॅक्सी बघायला खाली गेली. जिन्याच्या वळणावर धाकटा कॅमेऱ्यातले जुने फोटो मागेपुढे करत उभा होता. ताई त्याच्या शेजारून उतरायला लागली.

"थांब ताई. हा पहिला फोटो बघ. आणि हा शेवटचा."

तिने बघितलं नाही.

"दात वेगळेच दिसतायत गं. तू रंग शेवटी घेतलास ना?"

"तुम्ही मला शेवटी बोलावलंत."

"पाणी दिलं होतंस तिला?"

ताईने कठड्यावरचा हात बदलला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता. धाकटा तिच्याकडे बघत होता आणि ती बघत होती ते त्याच्या बुटांकडे.

"मुद्दाम—" तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडलं. कितीतरी दिवसांनी त्याने तिच्याजवळ वाक्य अर्धं सोडलं होतं. मग त्याने कॅमेरा बंद केला. "जाऊ दे. तिला नको सांगायला. उगीच तिच्या मनात राहील. मी बघतो काय ते." आणि त्याने तिच्या कोपराला हात लावून तिला उरलेला जिना उतरायला मदत केली, जिची तिला काही गरज नव्हती. टॅक्सीत भावजय पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, ही दोघं मागे. आज त्याचा खांदा ताईच्या खांद्याला लागत होता. इतके दिवस जे हवं होतं ते तिला मिळालं होतं. तो तिच्या बाजूला होता, बायकोपासून काहीतरी लपवून तिच्या बाजूला होता. ताईने खिडकीची काच खाली केली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणतात. कुणी कुणाला चावलं हे सांगायची सोय नसते. पुढच्या सीटवर भावजय मध्येच मागे वळून म्हणाली, "ताई, तुम्हाला राग नाही ना आला? तुमचं इतकं सुंदर काम माझ्या मातीने वाया घालवलं." ताई "छे गं" म्हणाली. धाकटा बाहेर बघत होता.

लॅबमध्ये आल्यावर भावजय रडेल अशी ताईची अटकळ होती. रडली असती तर बरं झालं असतं, समजूत काढता आली असती. पण तिने बाह्या वर केल्या, कप्प्यातल्या तयार चकत्या काढून टेबलावर मांडल्या, जाड कापड पसरलं आणि हातोडी घेतली. पहिली चकती कापडात गुंडाळून तिने ठोकली. मऊ, खडूसारखा आवाज आला. "पुन्हा दळायच्या," ती म्हणाली, "पहिल्यापासून. ताई, एक सांगा ना, ते पांढरेपण तुम्हाला कधी दिसलं? भट्टीतून आल्या आल्या, की रंग चढवताना? तुमच्या डोळ्याला आधी दिसलं असणार. मला ते शिकायचंय. तुम्ही सांगाल तिथून मी मागे जाईन." दुसरी चकती फुटली. ताईला काहीतरी उत्तर द्यायलाच हवं होतं. "भट्टीतून आल्यावर," ती म्हणाली. "म्हणजे आच," भावजय लगेच म्हणाली, "आच कमी पडली. मला वाटलंच. कमी आचेवर होईल हाच माझा हट्ट होता. म्हणजे तोच चुकला." तिने तिसरी उचलली. ताई त्या चकतीकडे बघत राहिली. याच मातीत उजेड शिरताना तिने पाहिला होता. सगळ्या शहरात तो पाहिलेला डोळा एकच होता, आणि तो तिच्या कपाळाखाली होता. उद्या ही बाई आच वाढवेल, मग पुन्हा कमी करेल, वर्षभर नसलेल्या चुकीचा माग काढत फिरेल, आणि दर वेळी येऊन मलाच विचारेल. ताईला तिचा कळवळा आला असं नाही. अजूनही आला नव्हता. पण चांगला माल डोळ्यांदेखत फुटताना बघणं तिच्या हातांना सहन होईना.

"फोडू नकोस," ती म्हणाली.

"अहो, पण—"

"फोडू नकोस म्हणते ना! काय धाड भरलीय तुझ्या मातीला? असला माल मी जन्मात हाताळला नाही. रंग मी चुकीचा सांगितला. दात कोरडे होते तेव्हा घेतला. दिसत होतं मला कोरडे आहेत ते. दिसत होतं आणि घेतला."

हातोडी वरच्या वर राहिली. धाकटा नळाशी हात धूत होता. त्याने नळ बंद केला नाही. भावजयीने ताईकडे बघितलं, आणि ताई तयार होऊन उभी राहिली. शिव्या येतील, ओरडेल, निघून जा म्हणेल. काहीही आलं असतं तरी ते ताईच्या वाट्याचं होतं आणि तिला हवंही होतं. पण भावजयीची नजर तिच्यावर थांबलीच नाही. ती पुढे सरकून नळाकडे गेली, धाकट्याच्या पाठीवर. ती पाठ वळत नव्हती. फोटोंचा कॅमेरा त्याच्या गळ्यात अजून तसाच होता.

"तुला माहीत होतं?"

"अगं, मी सांगणारच होतो तुला—"

"कधी कळलं?"

"तिथेच. जिन्यात."

"मी टॅक्सी बघायला गेले तेव्हा?"

त्याने नळ बंद केला.

"म्हणजे तुम्ही खाली आलात तेव्हा तुमचं बोलून झालं होतं," भावजय म्हणाली. "आणि गाडीत मी वळून ताईंना विचारलं, तेव्हा तू ऐकत होतास." ती हे सावकाश म्हणत होती, एकेक गोष्ट जागच्या जागी ठेवत. "काय म्हणालास तू तिथे? 'तिला नको सांगायला' म्हणालास? की ताई म्हणाल्या?"

"मीच म्हणालो."

"काय शब्द होते?"

ताईला तो चेहरा ओळखू आला. कोणी कोणाला काय सांगितलं, कुठे उभं राहून सांगितलं, आपण त्या वेळी कुठे होतो, नेमके शब्द कोणते, हे सगळे प्रश्न तिच्याजवळ कित्येक दिवस होते आणि तिने एकही विचारला नव्हता. आता ते दुसरीच कुणी विचारत होती. ताई पुढे झाली. "अगं, त्याचा काही दोष नाही, मी—" तिने भावजयीच्या दंडाला हात लावला. दंड दगडासारखा झाला. भावजयीने ताईचा हात झटकला नाही, तो आपोआप खाली यायची वाट बघितली. मग तिने हातोडी टेबलावर ठेवली, आवाज होऊ न देता, आणि उरलेल्या चकत्या एकीवर एक रचायला लागली.

"तुम्ही दोघं जरा बाहेर थांबता का?" ती म्हणाली.

दोघं बाहेर आली. जिन्यात दिवसाउजेडी दिवा जळत होता, तो धाकट्याने बंद केला. ताईला वाटलं, काहीतरी बोलावं. तो भिंतीला टेकून उभा होता आणि दाराकडे बघत होता, आणि आतून कसलाच आवाज येत नव्हता.